दहा बाय बाराचं शेत

राजेश्वरी : आत्ती, जरा सरका की. तुमच्या मेथीच्या ढिगामागं टीव्हीवरचा माझा गोलकीपर दिसेना झालाय.

बसम्मा : दिसंल. कुटं जातोय त्यो? एवढ्या पोरांत त्यो एकलाच जागा न सोडणारा. बाकीचे समदे दावं तोडल्यागत पळत्यात. दुधनीच्या रानात ज्वारीला आमी माळा घालायचो, वर राखणदार हुबा. पाखरू आलं की गोफण. त्या राखणदारागत हाय ह्यो. म्हणून बघते तुजं हे फुटबॉल, न्हायतर मला काय करायचंय लाल शर्ट अन् निळा शर्ट.

राजेश्वरी : कॉलेजच्या टीममध्ये मीपण तिथंच उभी असायचे. गोलात.

बसम्मा : म्हाईत हाय. कितीदा सांगशील? ही करडई कवळी हाय का बघ गं. माज्या डोळ्याला समदी कवळीच दिसती.

राजेश्वरी : कवळी आहे. आत्ती, मी टीव्हीचा आवाज बंद केलाय. एक सांगायचंय. शाळेतून आल्यापासून मनात घोळतंय.

बसम्मा : चालू मॅचचा आवाज बंद केलास म्हंजे कायतरी जड हाय. बोल.

राजेश्वरी : ह्यांनी उद्या सकाळी सिद्धनाथला बोलावलंय. तो फरशीचं काम घेतो बघा, पेव्हर ब्लॉक बसवतो. पुढचं अंगण उकरायचं आणि सगळीकडं ब्लॉक टाकायचे. शनिवारी नवी गाडी येतीय ना, ती आत लावायला.

बसम्मा : अंगण म्हंजे माजी भाजी.

राजेश्वरी : हो.

बसम्मा : समदी?

राजेश्वरी : गेटापासून पायरीपर्यंत. कढीपत्त्याचं झाड तेवढं ठेवू म्हणाले.

बसम्मा : लई उपकार झाले कढीपत्त्यावर. आन् हे मला कदी सांगणार होता त्यो?

राजेश्वरी : सकाळी, गडी आल्यावर. आधी सांगितलं तर अव्वा झोपायची नाही, म्हणाले. मला मध्ये घेऊ नका हं आत्ती. तुम्हाला अंधारात ठेवणं बरं वाटलं नाही म्हणून सांगितलं, एवढंच.

बसम्मा : माज्या झोपंचं मी बघून घेते, त्येनं त्येच्या झोपंचं बघावं. तुला सांगते राजेश्वरी, ह्या घरात ऱ्हायला आलो त्या दिवशी शेजारची शिवलीला मला म्हनली, बसम्मा, आता तुमचं काय, आयतं खायचं अन् टीव्हीपुढं बसायचं. म्हनलं, आयतं खाऊन बसायला मी काय देवळातला उंदीर हाय व्हय? दुसऱ्याच दिवशी खुरपं घेतलं. तवा अनिल म्हनला, अव्वा, गुलाब लाव, जास्वंद लाव, कॉलनीत समदे तसंच करत्यात, गेट उघडल्यावर पयला शेपू दिसला तर लोक काय म्हनतील. म्हनलं, लोक म्हनतील हितं जेवणारी माणसं ऱ्हात्यात. शेपू हाय, चाकवत हाय, चुका हाय, कोपऱ्यात पावट्याचा येल हाय, भिंतीला लसूण हाय. पाव्हणा आला म्हणून मंडईत पळायची पाळी एकदा तरी आली का गं तुज्यावर?

राजेश्वरी : नाही आली. माझ्या डब्यातली करडईची भाजी तर शाळेत मला खाऊच देत नाहीत.

बसम्मा : मग. आन् काढायला दिवस कुठला निवडलाय बघ. उद्या काय हाय?

राजेश्वरी : शुक्रवार.

बसम्मा : वार न्हाय इचारला.

राजेश्वरी : मग... थांबा. अमावस्या आहे उद्या. मार्गशीर्षातली. अगंबाई, येळवस.

बसम्मा : तू मोडनिंबची, तिकडं येळवस नसती, तरी तुला आठवली. अनिल दुधनीचा, त्येला न्हाय.

राजेश्वरी : मी कशी विसरेन? लग्नानंतर रानात जाऊन केलेला पहिला सण तोच. नवी नवरी म्हणून मला इरकल नेसवलं, बैलगाडीत बसवलं, मांडीवर आंबिलीचं मडकं दिलं. मला वाटलं, गाडी थेट झाडाखाली जाईल. मामंजींनी बांधावरच बैल सोडले. म्हणाले, पोरी, हितनं पायी. गाडी बांधावर सोडायची, पिकात घालायची न्हाय. मग मी नव्या इरकलीत, मडकं सांभाळत, ढेकळातनं चालले. मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांना लाखोली वाहत होते.

बसम्मा : ठाऊक हाय. त्वांड बघूनच कळलं हुतं. पर मग जेवलीस किती.

राजेश्वरी : ती भज्जी कोण सोडेल? रानातल्या सगळ्या पालेभाज्या, ओली तूर, ओला हरभरा, चिंचेचं पाणी, वरून डाळीचं पीठ. मी विचारलं होतं, आत्ती, एका भाजीत इतक्या भाज्या कशाला? तुम्ही म्हणालात, रानात जे जे उगवलं ते ते पातेल्यात पडलं पायजे, एकाला घेतलं अन् एकाला सोडलं तर भुईला राग येतो.

बसम्मा : येतोच. उद्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, भुईची वटी भरायची, आन् ह्यो तिच्या पोटात कुदळ घालणार. भरल्या वटीच्या बाईला कुणी कुदळ दावतं का गं?

राजेश्वरी : गेट वाजलं. आलेच हे.

(अनिलकुमार आत येतो. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्या हातात राखाडी पेव्हर ब्लॉकचा नमुना.)

अनिलकुमार : अरे वा, मॅच चालू आणि घरात शांतता? परवा तू गोल म्हणून ओरडलीस तर शिवलीलाताई काठी घेऊन धावत आल्या, चोर शिरला म्हणून.

राजेश्वरी : आल्या आणि बसल्या. उरलेली मॅच बघून गेल्या. परत कधी आहे, विचारत होत्या.

अनिलकुमार : चांगलंय. सगळी कॉलनी बिघडव तू. अव्वा, अगं केवढा ढीग काढलास भाजीचा. एवढी कोण खाणार?

बसम्मा : हातात काय हाय तुज्या?

अनिलकुमार : हे? हे काही नाही, नमुना आहे.

बसम्मा : दे हिकडं. जड हाय की चांगला. आंबिलीला लसूण ठेचायची हाय, बरा सापडला.

अनिलकुमार : अव्वा, तो लसूण ठेचायला नाही. राजेश्वरी, तू सांगितलंस ना?

राजेश्वरी : सांगितलं. त्यांची भाजी आहे, त्यांना आधी कळायला नको?

अनिलकुमार : मी सांगणारच होतो, नीट बसून. हे बघ अव्वा, प्रॅक्टिकल विचार कर. इतकी नवी गाडी रस्त्यावर ठेवायची का? पोरं ओरखडे काढतात, कुत्री वर चढून बसतात. तुझी भाजी कुठं जात नाही. गच्चीवर कुंड्या आणून देतो, हव्या तेवढ्या. आजकाल कुंडीत सगळं येतं.

बसम्मा : कुंडीत चाकवत येतंय. येळवस येत न्हाय.

अनिलकुमार : येळवस? येळवशीचा काय संबंध? ती अजून... एक मिनिट, फोन. हां सिद्धनाथ, बोल. उद्या नऊला ना? काय? का येणार नाहीत? सगळेच? हो. हो, माहिती आहे मला येळवस काय असते. तुमच्या करमाळ्याकडं नसते, बरोबर. कुठले म्हणालास गडी? दुधनीचे? हो, आमचंच गाव. नाही रे, विसरलो नाही, म्हणजे... कामाच्या गडबडीत लक्षात आलं नाही. बरं, असं कर. करमाळ्याकडचे दोघं असतील ना तुझ्याकडं? त्यांना घेऊन तूच ये. हो, उद्याच. शनिवारी गाडी येतीय. ठेवतो.

राजेश्वरी : काय म्हणतो?

अनिलकुमार : काही नाही. गडी बदलून येतोय.

बसम्मा : मी सांगते काय म्हनतो ते. त्येचे गडी दुधनीकडचे. संध्याकाळच्या एस्टीनं गावाकडं निघाले. त्येनं इचारलं असंल, सायेब, तुमी बी दुधनीचे ना, मग तुमाला कसं ठाऊक न्हाय.

अनिलकुमार : अव्वा, विसरलो. झालं? माणूस विसरतो.

बसम्मा : दुसऱ्याच्या अंगणात फरशा बसवणाऱ्या पोरांना आठवलं. त्येंच्यातल्या निम्म्यांना सोताचं रान बी नसंल. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन जेवतील, पर जातील. तुला काय झालं रे?

अनिलकुमार : मला काय झालं? मला रान नाही, हे झालं. येळवस शेतात करतात. आपण शेत विकलं. तूच सही केलीस. त्या शेतातूनच हे घर उभं राहिलं. आता कुणाच्या शेतात जाऊन पांडव मांडायचे? लोकांनी बोलवायची वाट बघत बसायचं? त्यापेक्षा विसरलेलं बरं. आणि खरं सांगू, मी लक्षात ठेवतच नाही. डिसेंबर आला की कॅलेंडरचं ते पान मी बघत नाही.

राजेश्वरी : हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही.

अनिलकुमार : बोलण्यासारखं आहे का ते?

बसम्मा : बस हितं. बस म्हनते ना. बूट राहू देत पायात. गेल्या येळवशीला काय जेवलास?

अनिलकुमार : काय माहीत. गेल्या वर्षी आपण येळवस केलीच नाही.

बसम्मा : तुमी न्हाय केली. मी केली. तू हापिसात, ही शाळेत. पावट्याच्या येलाखाली पाच दगड मांडले, चुना लावला, हळद वाहिली. संध्याकाळी घरी आलास, भज्जी वाढली तुला. दोनदा मागून घेतलीस आन् म्हनलास, अव्वा, आज भाजीला काय वेगळीच चव हाय.

अनिलकुमार : ती भज्जी येळवशीची होती? मग बोलली का नाहीस?

बसम्मा : म्हनलं बघू, जिभंला तरी आठवतंय का. जिभंला आठवलं. तुला न्हाय.

अनिलकुमार : अव्वा, तू सण केलास, चांगलं केलंस, मी काही म्हणत नाही. उद्याही कर. पण त्याला शेत म्हणू नकोस. दहा बाय बाराचं अंगण आहे ते. सोलापुरातल्या एका कॉलनीतलं.

बसम्मा : बरं. घराचा पाया खणला तवा खाली काय निघालं?

अनिलकुमार : मुरूम. पक्का मुरूम. कुदळ लागेना, शेवटी मशीन लावलं.

बसम्मा : आन् माज्या भाजीखाली काय हाय?

अनिलकुमार : माती. काळी माती. ती तू कुठून तरी... कॉन्ट्रॅक्टरनं टाकून दिली असेल ना?

बसम्मा : कॉन्ट्रॅक्टर मुरूम टाकतो, काळी न्हाय टाकत. दुधनीचं घर आवरून निघालो तो दिवस आठव. टेंपोत पोती चढवत हुतो. तू किती चिडला हुतास.

अनिलकुमार : टेंपोवाला किरकिर करत होता, लोड जास्त झाला म्हणून. ती ज्वारीची पोती होती. मीच त्याला म्हणालो, राहू दे बाबा, आमच्या अव्वाला घरच्या ज्वारीशिवाय चालत नाही.

बसम्मा : ज्वारी एवढी जड असती व्हय रे? तूच उचललीस पोती. टेंपोत चढवलीस, हितं उतरवलीस. पाठीत उसण भरली तुज्या, चार दिवस मी तेल लावलं. मनात म्हनलं, सोताच्या पाठीवर रान वाहून आणलंय पोरानं, त्येला कदी ना कदी कळंल.

राजेश्वरी : आत्ती.

बसम्मा : थांब, बोलू दे. मी सही केली, खरं हाय. कुरकुर केली न्हाय. तू म्हनलास, अव्वा, रानाचं आता कोण बघणार, मी नोकरीवाला, बाबा गेले. बरोबर हुतं तुजं. पोरानं घर बांधावं असं कुठल्या आईला वाटत न्हाय? पर गोठ्यात जाऊन लई रडले मी. आन् मग उठले आन् फावडं घेतलं. बाभळीखाली तुजा बाप दरसाल पांडव मांडायचा, आंबील शिंपत रानाला फेरा मारायचा, तिथली माती भरली. कागदावरचं रान घेणाऱ्याचं झालं, हुदे. मी कागद दिलाय. रान सोडलेलं न्हाय. आन् आता तू त्येच्यावर हा राखाडी दगड घालणार आसशील तर घाल. पर मला सांगून घाल. झोपंत न्हाय.

अनिलकुमार : मला खरंच माहीत नव्हतं अव्वा.

बसम्मा : म्हाईत नव्हतं म्हणूनच सांगतीया. आता आणिक ऐक. उद्या माणसं येणार हाईत जेवायला.

अनिलकुमार : कोण माणसं?

बसम्मा : ज्येला रान हाय त्येनं रान नसलेल्याला बोलवायचं, ही रीत. शिवलीला येणार हाय. आन् तुजे सायेब.

अनिलकुमार : माझे कुठले साहेब?

बसम्मा : गुरुशांत. काल त्येंचा फोन आला, तू अंघोळीला गेला हुतास. मीच घेतला. बोलता बोलता कळलं, अक्कलकोटकडचं माणूस. म्हनलं, येळवशीला कुटं जाता? म्हनले, आता कुटं जायचं, भावांनी वाटण्या केल्या, कुणी बोलवत न्हाय. म्हनलं, आमच्यात या, आमचं रान हाय.

अनिलकुमार : साहेबांना? अंगणात बसवून जेवायला? अव्वा, ते काय म्हणाले?

बसम्मा : हळूच म्हनले, बाजरीचे वाफवलेले उंडे असतील का हो?

राजेश्वरी : उद्या साहेब शेपूत बसून उंडे खाणार आणि बाजूला सिद्धनाथ उकरत बसणार. बघा बाई तुम्ही.

अनिलकुमार : तू हसू नकोस. तुम्ही दोघींनी ठरवून केलंय हे.

राजेश्वरी : ठरवून काहीच नाही. आत्ता तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा मी शाळेतल्या मोठ्या बाईंना मेसेज टाकला. उद्याची रजा. आधी मी आत्तींना म्हणाले होते, मला मध्ये घेऊ नका. आता मीच येते मध्ये. एवढी भाजी एकट्या आत्तींना निवडायला लावून शाळेत जायला मला लाज वाटते. आणि सिद्धनाथ आलाच कुदळ घेऊन, तर गेटात मी उभी राहीन. गोल सोडायची सवय अजून लागली नाही मला.

अनिलकुमार : म्हणजे माझ्याच घरात माझ्या विरुद्ध दोघी.

बसम्मा : इरुद्ध कोण हाय रे? तू आमच्या बाजूला ये की. बंदी हाय का? आन् सिद्धनाथ त्या दोन गड्यांना घेऊन येत आसंल तर येऊ दे, तीन पत्रावळ्या वाढवते. जेवतील. जेवून उठल्यावर त्येंनाच इचार, आता मारता का कुदळ. ज्येच्या रानात जेवला त्येच्या रानात येळवशीला कुणी कुदळ मारत न्हाय, मग त्यो करमाळ्याचा आसू दे न्हायतर कुठला बी.

अनिलकुमार : आणि मारली तर?

बसम्मा : तर माज्या पायावर पडंल. मी मधोमध बसून वाढणार हाय. इरकल नेसून.

राजेश्वरी : आत्ती, बघा बघा, गोल अडवला. एका हातानं अडवला त्यानं.

बसम्मा : मी म्हनलं नव्हतं? जागा सोडत न्हाय त्यो.

अनिलकुमार : बाभळीखालची माती म्हणालीस ना तू? बाबा तिथं बसून पत्रावळी लावायचे. मला शेवटी उंडा द्यायचे, गूळ घालून. सगळ्यांच्या आधी मागितला तर देत नसत. म्हणायचे, आधी भुईला, मग पाव्हण्याला, मग आपल्याला.

बसम्मा : आठवतंय की मग.

अनिलकुमार : आठवतं अव्वा. आठवायला नको वाटतं, ते वेगळं.

बसम्मा : नको वाटलं म्हणून भूक जाती का? ऊठ, हात धू. ती तूर सोलायची राहिलीया.

अनिलकुमार : थांब, आधी फोन करतो. हां सिद्धनाथ, मीच. उद्याचं सांगतो. हो, ये, पण नऊला नको. दुपारी बाराला ये, त्या दोघांना घेऊन. नाही, कुदळ नको. ब्लॉकही नकोत. जेवायला ये. तुमच्याकडं नसते म्हणूनच ये, बघ तरी काय असते. कुठल्या शेतावर? शेतावर म्हणजे... इथंच रे. घरी. आमचं शेत इथंच आहे. काम? कामाचं रद्द समज. हो, रद्दच. तुझा दगड तेवढा राहिलाय आमच्याकडं, अव्वा त्यावर लसूण ठेचतीय.

राजेश्वरी : आवाज चालू करू का आता टीव्हीचा?

बसम्मा : कर. शिवलीलेला बी हाक मार, म्हनावं ये, तूर सोलायला हात पायजेत.

अनिलकुमार : पांडवांचे दगड कुठं आहेत?

बसम्मा : गेल्या सालचे पाण्याच्या टाकीमागं हाईत. चुना तू लाव औंदा. पूर्वेकडं त्वांड करून मांडायचे.

अनिलकुमार : माहिती आहे. पण अव्वा, गाडी शनिवारी येणार ती येणारच. पैसे भरलेत. ती कुठं लावू सांग?

बसम्मा : मला काय इचारतोस? तुजा बाप येळवशीला गाडी कुटं सोडायचा?

अनिलकुमार : बांधावर.